माता, मलेरिया आणि जादूची चार तिकिटं

"आणि समजा, तिकीट काढलेला माणूस कार्यक्रमाच्या आधीच मेला, तर?"

जागृतीने हे विचारलं आणि मगनभाऊच्या कॅसेटच्या दुकानातली सगळी गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. टेपवरचं गाणंसुद्धा नेमकं तेव्हाच संपलं. दुकानाबाहेर सायकलींच्या आड नयना आणि उज्ज्वला तोंडात ओढणी कोंबून उभ्या होत्या. सहामाहीचा शेवटचा पेपर देऊन तिघी घरी निघाल्या होत्या आणि "विचारून दाखव, मटका कुल्फी आमच्याकडून" असं त्या दोघींनी तिला भरीस घातलं होतं.

वर्षभरापूर्वी जागृतीने हे केलं नसतं. नववीपर्यंत ती वर्गात हजेरीसुद्धा इतक्या हळू द्यायची, की बाई तिला गैरहजर मांडून मोकळ्या व्हायच्या. पण यंदा दहावीत वक्तृत्व स्पर्धेत तिला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, स्टीलची एक वाटी, आणि त्या वाटीने घात केला. तेव्हापासून धुळ्याच्या त्या दोन खोल्यांच्या घरात दुसऱ्या कोणाचं वाक्य पुरं झालेलं नाही.

मगनभाऊने मात्र प्रश्न गंभीरपणे घेतला. तिकीट उलटं करून त्याने मागची बारीक अक्षरं डोळ्यांजवळ धरून वाचली. "मरणाचं काही लिहिलेलं नाही," तो म्हणाला. "फक्त आजार. आजारी पडल्यामुळे येता आलं नाही तर विमा कंपनी पैसे परत देणार. मरायचंच असेल तर ताई, आधी नीट आजारी पडून घ्यायचं. सर्टिफिकेटसकट."

कुल्फी मिळाली. पण त्या कुल्फीचा हिशेब पुढे फार वाईट लागला.

मगनभाऊ विकत होता ती तिकिटं जळगावच्या जादूच्या प्रयोगाची होती. दिवाळीच्या सुट्टीत तिथे मुंबईचा एक जादूगार येणार होता आणि तो स्टेजवर अख्खी जीप गायब करणार होता. आयोजकांनी गिऱ्हाईक ओढायला एका विमा कंपनीशी संधान बांधून तिकिटाला विमा जोडला होता. पिकाचा विमा, मोटारसायकलचा विमा खानदेशाला ठाऊक होता. करमणुकीचा विमा हे नवीन होतं. त्यामुळे लोक जादूपेक्षा विम्याबद्दलच जास्त बोलत होते.

जागृतीचे वडील भाईदास पाटील, म्हणजे नाना, सरकारी कचेरीत हेडक्लार्क. मनोरंजनाशी त्यांचं वैर नव्हतं, वाया जाण्याशी होतं. जी वस्तू परत करता येत नाही ती विकत घ्यायची नाही, या तत्त्वावर त्यांनी कलिंगडसुद्धा कापून बघितल्याशिवाय घेतलं नव्हतं. पण विमा उतरवलेली जादू म्हटल्यावर ते विरघळले. नाना, आई, जागृती आणि पिंपळनेरहून येणारी आजी, अशी चार तिकिटं आली. आईने ती देव्हाऱ्यात ठेवली. घरातली कोणतीही महत्त्वाची वस्तू आई तिथेच ठेवते. गॅसचं कार्डसुद्धा तिथेच आहे.

आजी आली. फराळ झाला. बसची वेळ ठरली. आणि प्रयोग दोन दिवसांवर आला असताना जागृतीला ताप भरला, अंग मोडून आलं आणि सकाळी आरशात बघते तर कपाळापासून हनुवटीपर्यंत पाण्याने भरलेले फोड.

"कांजण्या," जागृती म्हणाली. जीवशास्त्राच्या पुस्तकातलं चित्र तिला आठवलं. चित्रातला मुलगा तिच्यापेक्षा बरा दिसत होता.

"गप," आजी म्हणाली. आजीचं नाव भागाबाई, जन्म पिंपळनेरचा, आणि अहिराणी सोडून दुसरी भाषा तिने कधी तोंडात घेतली नाही. "आजारनं नाव काढू नको. माता येल शे."

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगितलं पाहिजे, की अंगावर असे फोड आले म्हणजे घरात देवी आली. ती आजारासारखी येत नाही, माहेरवाशिणीसारखी येते. तिचा मान ठेवायचा असतो, तिला औषध द्यायचं नसतं. दाराला कडुनिंबाचे डहाळे लागले. "फोडणी देवानी नही," आजीने आईला बजावलं. भांडायचं नाही, केस विंचरायचे नाहीत, दाढी करायची नाही. नाना दाढी वाढवून, अळणी वरण खात, भांडण न करता बसले. यातली तिसरी गोष्ट त्यांना सगळ्यात जड गेली.

समोरचे चौधरी डॉक्टर बिचारे बातमी ऐकून स्वतःहून पेटी घेऊन आले. आजी उंबऱ्यात आडवी उभी राहिली. तिने त्यांना चहा विचारला, त्यांच्या मुलाबाळांची चौकशी केली आणि उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू दिलं नाही.

"निदान आपण तिघं तरी जळगावला..." नाना चाचरत म्हणाले.

"घरमा माता आणि तू खेळ देखाले जाशी?" आजीने नुसतं बघितलं. "बठ्ठा घरमाच ऱ्हातीन."

बठ्ठे, म्हणजे सगळेच, घरात राहिले. तिकडे जळगावात जीप गायब झाली. इकडे जागृती निंबाच्या पाल्यावर पडून कौलांच्या फटी बघत होती. तिचं जे काही गायब व्हायचं होतं ते तिला अजून कळलं नव्हतं.

ते कळलं बरी झाल्यावर. दहीभाताचा नैवेद्य दाखवून आजीने मातेला निरोप दिला, नानांनी दाढी केली आणि जेवताना तिकिटांची आठवण काढून एक दीर्घ सुस्कारा सोडला.

"विमा आहे ना!" जागृती उसळून म्हणाली. "मी आणते पैसे. मी करते सगळं."

नानांनी घास खाली ठेवला. दहावीनंतर जळगावला होस्टेलवर राहून सायन्सला जायचं, हे जागृतीचं तुणतुणं उन्हाळ्यापासून चालू होतं आणि नाना उन्हाळ्यापासून 'बघू' म्हणत होते. सरकारी कचेरीतल्या 'बघू'चा अर्थ काय होतो ते धुळ्यातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आता त्यांना वाट सापडली.

"ठीक," ते म्हणाले. "एकटीने कर. मी मधे पडणार नाही. जी पोर विमा कंपनीकडून दावा मंजूर करून आणते, ती होस्टेलवर राहू शकते. नाही जमलं, तर इथेच, नयनाबरोबर कॉमर्स."

नयनाबरोबर कॉमर्स! जागृतीला पुन्हा ताप आल्यासारखं झालं.

बातमी गल्लीत गेली आणि सल्ल्यांना पूर आला. रिटायर तलाठी हिलाल आबा चष्मा घेऊनच आले. त्यांनी अर्ज तीन प्रतींत करायला लावला, समास दोन बोटं सोडायला लावला आणि शेवटी 'आपली नम्र' लिहावं की 'आपली विश्वासू' यावर पाऊण तास घालवला. "नम्र लिहिलंस की ते डोक्यावर बसतात," ते म्हणाले. "आणि विश्वासू लिहिलं की संशय घेतात. तू नुसतं 'अर्जदार' लिही." अर्जात जागृतीने खरं ते लिहिलं: मला कांजण्या झाल्या होत्या.

"पण सर्टिफिकेट?" शेजारच्या प्रमिलाबाईंनी विचारलं.

सर्टिफिकेटसाठी जागृती चौधरी डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर सज्जन माणूस. "बेटा, मी रोगी बघितलाच नाही," ते म्हणाले. "मी फक्त दार बघितलं. दाराला निंब होता, एवढं लिहून देऊ का?" जागृतीने तेही घेतलं असतं, पण डॉक्टर विनोद करत होते.

नाना सुट्टी टाकून तिला जळगावला घेऊन गेले, पण मधे न पडण्याच्या अटीवर. पारोळा, एरंडोल करत एसटी पोचली तेव्हा अंगावर धुळीचा एक थर होता. विमा कंपनीच्या कचेरीत नाना बाकावर पेपर उघडून बसले आणि पेपरवरून भुवयांनी खुणा करायला लागले. जागृतीला एकही खूण कळली नाही.

"धुळ्याचे दावे धुळ्याला," खिडकीतला माणूस म्हणाला.

ती धुळ्याच्या शाखेत गेली. "तिकीट जळगावचं, दावा जळगावला," धुळ्याचा माणूस म्हणाला. दोघंही इतक्या आपुलकीने बोलत होते, की रागावायलाही जागा नव्हती. पुन्हा जळगाव, पुन्हा नाना बाकावर. या वेळी त्यांनी अर्ज घेतला आणि मूळ तिकिटं मागितली. जागृतीने देव्हाऱ्यातून आणलेली तिकिटं पुढे केली. नैवेद्याच्या दिवशी आजीने देवांबरोबर त्यांनाही हळदकुंकू वाहिलं होतं. खिडकीतल्या माणसाने पटकन चपलेतून पाय काढला, तिकिटांना हात लावून नमस्कार केला आणि मग म्हणाला, "खराब झालीत. नंबर दिसत नाही."

"आणि आजारी एक जण, मग तिकिटं चार कशी?" बाजूच्या टेबलावरून दुसरा म्हणाला.

बाकावर पेपर फडफडला. "घरात माता असताना आम्ही जादू बघायला जायचं?" नाना ओरडले. मधे न पडण्याची अट तिथेच गळून पडली.

कचेरीतल्या सगळ्यांच्या घरी कधी ना कधी माता येऊन गेली होती. "बरोबर आहे काका," खिडकीतला माणूस हळू म्हणाला. "पण नियमात माता नाहीये."

अर्ज मात्र ठेवून घेतला गेला. जागृती घरी परतली ती निम्मं होस्टेल जिंकल्यासारखी. मग प्रमिलाबाईंनी शेव तळता तळता सहज सांगितलं, "अगं, तू गेलीस ना दुसऱ्यांदा, तेव्हा तुझ्या पाकिटात मी एक सर्टिफिकेट घालून दिलं हो. आमच्या ह्यांच्या ओळखीच्या कंपाउंडरकडून आणलं. मलेरियाचं."

"मलेरियाचं? काकू, अर्जात मी कांजण्या लिहिलंय!"

"असू दे. दोन्ही दिसले म्हणजे त्यांना दया येईल."

कंपनीला दया आली नाही. कंपनीला प्रश्न पडला. एका मुलीला एकाच आठवड्यात कांजण्या की मलेरिया, याचा छडा लावायला संक्रांतीच्या सुमारास एक चौकशी अधिकारी धुळ्याला यायचा होता. पत्र आल्या दिवसापासून जागृतीची जेवणावरची वासना उडाली. खोटं तिने केलं नव्हतं, पण पाकीट तिचं होतं. शाळेत नयना आणि उज्ज्वला तिला 'मलेरिया' म्हणून हाक मारायला लागल्या. स्टीलच्या वाटीची मुलगी आता मधल्या सुट्टीत गप्प बसून डबा खायची.

अधिकारी आले. वाणी साहेब, बारीक, थकलेले, हातात फाईल. प्रमिलाबाई दारातच धावल्या. "मलेरियाच होता हो साहेब," त्या म्हणाल्या आणि लगेच दोन्ही कान धरून कडुनिंबाच्या वाळक्या डहाळीची मनातल्या मनात माफी मागितली. साहेबांनी ती माफीसुद्धा बघितली.

हिलाल आबांना खोटं सहन होत नसे. "कसला मलेरिया!" ते गरजले. "साहेब, पोरीला काही आजार-बिजार नव्हता. माता आली होती. पोर ठणठणीत होती."

साहेबांनी लिहून घेतलं. त्यांनी गल्लीत चार घरी विचारलं. चारही घरांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, की पोरीला आजार नव्हता. मातेच्या बाबतीत खोटं बोलायची कोणाची छाती होती? जागृतीला वाटलं, वक्तृत्वाचं बक्षीस खरं तर या गल्लीलाच द्यायला हवं होतं.

शेवटी साहेब घरात येऊन बसले. आईने चहा ठेवला. त्यांनी जागृतीच्या कपाळाकडे, गालावरच्या खड्ड्यांकडे नीट बघितलं.

"बेटा, तुला कांजण्याच झाल्या होत्या. मला दिसतंय," ते म्हणाले. "पण माझे डोळे मला फाईलला लावता येत नाहीत. त्या मलेरियाच्या कागदाचं मी बघतो, तो पाकिटात चुकून आला म्हणून काढतो. फक्त घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा जबाब पाहिजे. ज्यांनी सेवा केली त्यांचा. 'नात आजारी होती', बस एवढं एक वाक्य, आणि खाली अंगठा. चारही तिकिटांचं मी मंजूर करून घेतो."

एक वाक्य! जागृतीच्या डोळ्यांसमोर होस्टेलची खोली उभी राहिली, खिडकी, टेबल, टेबलावर प्राणिशास्त्राचं पुस्तक. सगळ्यांनी आजीकडे बघितलं. आजी संक्रांतीसाठी पुन्हा आली होती. ती भिंतीला टेकून, पाय पोटाशी घेऊन बसली होती आणि साहेबांच्या हातातल्या कागदावरून तिची नजर हलत नव्हती.

"तो काय इचारी राहिना?" तिने विचारलं.

"काही नाही माय," नाना म्हणाले. "जागी दिवाळीत आजारी होती का, तेवढं सांग."

"नही," आजी म्हणाली. "मन्ही नात धडधाकट शे."

"अगं, पण फोड होते, ताप होता..."

"नही म्हणी राहिनू ना!"

ती ओरडली. आजीला ओरडताना जागृतीने कधी ऐकलं नव्हतं. आईच्या हातातली बशी वाजली. मग आजी साहेबांकडे बघून, अगदी हळू, मोजकं बोलली. "असाच येक साहेब येल व्हता. कागद लिसन. घरमा कोणी आजारी शे का, इचारं त्यानी. मी सांगं, हां, वच्छी आजारी शे. तिले जीपमा टाकीसन लई गयात." ती थांबली. "परत उनीच नही."

वच्छी म्हणजे वच्छला. नानांची मोठी बहीण. तिचा फोटोसुद्धा घरात नव्हता. जागृतीला एवढंच माहीत होतं, की नाना लहान असताना ती देवीच्या साथीत गेली. तेव्हा जागृतीएवढी सुद्धा नव्हती ती. दूर कुठल्या तरी दवाखान्यात गेली होती, हे तिला आज कळलं. त्या जीपची गोष्ट तर आजच पहिल्यांदा या घरात निघाली. आणि याच आजीला आपण दिवाळीत जीप गायब होताना बघायला नेणार होतो.

नाना जमिनीकडे बघत होते. साहेबांनी पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

आजीने मान वळवली. "जागी, ह्या कागदवर शे का तुन्हं जळगाव?"

कोणी सांगितलं होतं तिला? कोणीच नाही. ती भिंतीला टेकून बसते, एवढंच. भिंतीला टेकून बसणारी माणसं सगळं ऐकतात.

जागृतीची नजर नकळत त्या कागदावर गेली.

"आन मंग," आजी म्हणाली आणि उजवा हात पुढे केला. "लाय अंगठा."

जागृतीने त्या पुढे आलेल्या अंगठ्याकडे बघितलं. आजीच्या हिशेबी ती एक अंगठा देत नव्हती, साहेबाच्या कागदावर नातीचं नाव लिहून देत होती, जसं एकदा लेकीचं दिलं होतं. तरीसुद्धा ती देत होती.

साहेबांनी शाईची डबी उघडून ठेवली होती. जागृतीने ती उचलली, झाकण लावलं आणि त्यांच्या फाईलवर ठेवली.

"साहेब, लिहा," ती म्हणाली. "आजारी नव्हते. दावा मागे."

"बेटा, नीट विचार कर."

"केला. जळगावचा या कागदाशी काही संबंध नाही, आजी. तू हात धू."

हातावर शाई नव्हती, पण आजी उठून मोरीवर गेली आणि हात धुऊन आली. साहेबांनी चहा संपवला. जाताना उंबऱ्यापाशी थांबून त्यांनी वाळक्या डहाळीला नमस्कार केला आणि निघून गेले.

मग नाना कचेरीत ज्याला 'प्रकरण निकाली' म्हणतात, तसं झालं. आजी आतल्या खोलीत जाऊन पडली. देव्हाऱ्यासमोर आई बसली होती आणि गॅसच्या कार्डाची घडी पुन्हा पुन्हा नीट करत होती. बाहेर प्रमिलाबाईंचा कान भिंतीला लागल्याचं भिंतीवरूनच कळत होतं.

"झालं तर," नाना शेवटी म्हणाले. त्यांच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं. उलट ते हरल्यासारखे दिसत होते. "आपलं ठरलं होतं, जागी. दावा मंजूर झाला तर..."

"नाना, थांबा. आई, तूपण ऐक." जागृती उभी राहिली. वक्तृत्वाला उभी राहते तशी नाही. हात कुठे ठेवावे हे तिला कळत नव्हतं, म्हणून तिने ते पाठीमागे धरले. "दावा मी हरले नाही, सोडला. ते काम मला एकटीला करायला सांगितलं होतं, एकटीने केलं. जूनमध्ये मी जळगावला जाणार आहे. सायन्सला. मी विचारत नाहीये, सांगतेय."

नानांनी तोंड उघडलं. 'बघू' म्हणायला उघडलं असावं, पण त्याऐवजी त्यांनी आईकडे बघितलं.

"आणि तिथे आजारी पडलीस तर?" आईने विचारलं. विचारताना ती आतल्या खोलीकडे बघत होती.

"तर डॉक्टरकडे जाईन. औषध घेईन, सर्टिफिकेटसुद्धा घेईन. आणि बरी झाले, की मी स्वतः एसटीने येऊन आजीसमोर उभी राहीन." जागृतीने आवाज खाली आणला. "तिला आजार-बिजार काही सांगायचं नाही. माता आली होती म्हणायचं. आणि परत गेली."